ब्रेक लेथ हळू फिरतो, म्हणूनच तिथे हात जातो

संपादक साहेब, नमस्कार,

तुमच्या पेपरात रस्ता सुरक्षेवर बरंच काही येत असतं. हेल्मेट घाला, सीटबेल्ट लावा, ब्रेक वेळच्या वेळी तपासून घ्या, हे सगळं यायलाच पाहिजे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण ते ब्रेक ज्याच्या हातून दुरुस्त होतात त्याच्या हाताचं, डोळ्यांचं, छातीचं काय, हे कुठं वाचायला मिळत नाही. म्हणून हे पत्र लिहितोय. माझं कामाचं आयुष्य ब्रेकच्या कामातच गेलंय, ड्रम आणि डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारे ब्रेकचे लोखंडी भाग, लेथवर चढवून कट मारायचं काम स्वतः केलंय आणि नंतर नवीन पोरांना शिकवलंय. पत्र लांबलंय, पण छापता आलं तर पूर्ण छापा, कारण यातलं अर्धं सांगितलं की उरलेल्या अर्ध्यातच कोणाचं तरी बोट जातं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डिस्कवर किंवा ड्रमच्या आतल्या बाजूला चरे पडतात, कुठं जास्त झिजतं कुठं कमी, मग ब्रेक दाबला की पेडल पायाला थरथरतं, स्टिअरिंग हलतं. तेव्हा ती डिस्क काढून ब्रेक लेथवर चढवतात. मशीनचा एक आडवा दांडा असतो, त्याला आर्बर म्हणतात, त्यावर कोन (शंकूच्या आकाराचा तुकडा) आणि क्लॅम्प लावून डिस्क मधोमध बसवायची, नट आवळायचा, मशीन तिला फिरवतं आणि टूल तिच्यावरून पातळ थर काढत पुढं सरकतं. बाकी मोठ्या लेथसारखा इथं धडकी भरवणारा वेग नसतो, आवाजही बेताचा. आणि मला जे सांगायचंय ते इथंच आहे. या मशीनची भीती वाटत नाही.

बहुतेक ब्रेक लेथ मिनिटाला १०० ते २०० फेरे अशा वेगात चालतात. डोळ्याला प्रत्येक फेरा दिसतो, त्यामुळे वाटतं की आपण यापेक्षा चपळ आहोत, हात लावून काढून घेऊ. आता हिशोब करा. ३०० मिलिमीटरची डिस्क मिनिटाला १५० फेऱ्यांनी फिरतेय, म्हणजे सेकंदाला अडीच फेरे. काहीतरी अडकलंय हे कळून हात मागे खेचायला माणसाला चांगल्या लक्षात असतानाही पाव सेकंद तरी लागतो. तेवढ्यात डिस्कची कड ६० सेंटिमीटरच्या आसपास पुढं गेलेली असते, म्हणजे अर्ध्याहून जास्त फेरा झालेला असतो. बाही अडकली असेल तर त्या पाव सेकंदात ती कोपरापर्यंत गुंडाळली गेली. आणि मोटरच्या मागे गिअर किंवा पट्ट्याची रिडक्शन असते, वेग कमी म्हणजे ओढायची ताकद जास्त, त्यामुळे माणसाचा हात अडकला म्हणून ते मशीन दमून थांबणार नाही. हे आकडे मी प्रत्येक नवीन पोराला फळ्यावर लिहून दाखवायचो, नुसतं "सांभाळून रे" म्हणून कोणी सांभाळत नाही.

मग हात जातो कधी? मशीन लावताना नाही जात, तेव्हा सगळे सावध असतात. हात जातो वाट बघताना. ५० मिलिमीटर रुंदीचा ड्रम असेल आणि टूल फेऱ्यामागे ०.१ मिलिमीटर पुढं सरकत असेल तर एक पास, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा कट, पूर्ण व्हायला ५०० फेरे लागतात, म्हणजे तीन मिनिटांच्या वर. ही तीन मिनिटं रिकामी असतात. उभ्या उभ्या माणूस काय करतो, तर ड्रममध्ये साचलेली बुर, म्हणजे कापताना निघालेला लोखंडाचा चुरा, बोटाने बाहेर ओढतो, फिनिश कसा येतोय ते बघायला पृष्ठभागावर बोट टेकवतो, टूल चरचरायला लागलं की सायलेन्सरचा पट्टा (आवाज मारायला डिस्कभोवती बांधतात तो) हाताने दाबून धरतो, नाहीतर चालू मशीनवर मायक्रोमीटर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, लावायला जातो. या चारही गोष्टी मी चांगल्या चांगल्या कारागिरांना करताना बघितल्यात, नवशिक्यांना नाही, कारण नवशिक्याला अजून धाडस आलेलं नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे की मोजायचं असो, चाचपायचं असो, बुर काढायची असो, आधी मशीन बंद, डिस्क पूर्ण थांबली हे डोळ्याने बघायचं, मग हात. आणि बंद केल्यावर फिरत राहिलेला ड्रम तळव्याने दाबून थांबवायचा नाही, ट्रकचा जड ड्रम असला तर तो स्विच बंद झाल्यावरही थोडा वेळ फिरतो, फिरू द्या. त्याच्या कडेला ताज्या कटाची धार असते, ती ब्लेडपेक्षा कमी नाही.

हातमोज्यांबद्दल वेगळं लिहावं लागेल कारण इथं भल्या माणसांचाही गैरसमज असतो. सुरक्षा म्हटलं की लोकांना पहिले हातमोजे आठवतात. एखादा मालक खरंच काळजीने पोरांना जाड ग्लोव्हज आणून देतो आणि पोरं ते घालून लेथवर उभी राहतात. फिरत्या मशीनवर हातमोजा घालायचा नाही, कापडी नाही, चामड्याचा नाही, रबराचाही नाही. उघड्या बोटाला डिस्क लागली तर खरचटेल, कापेल, पण बोट सुटून येण्याची शक्यता राहते. हातमोजा पकडला गेला तर तो बोटाला आत घेऊन जातो. जुनी डिस्क उतरवताना, धारदार बुर भरताना, ब्रेक ऑइल हाताळताना हातमोजे घाला, जरूर घाला, आणि मशीनचं बटण दाबायच्या आधी काढून ठेवा. तसंच अंगठी, कडं, घड्याळ, गळ्यातली चेन, ओळखपत्राची दोरी, कानातून लोंबणारी इयरफोनची वायर, शर्टाच्या मोकळ्या बाह्या. लांब केस असतील तर बांधून टोपीत. बाही दुमडायची तर आतल्या बाजूला दुमडा, बाहेर दुमडलेल्या बाहीत बुर साचते आणि ती कडही अडकते.

आता बटण दाबायच्या आधीचं काम. माझ्या मते अर्धी सुरक्षा इथंच होते आणि इथंच सगळ्यात जास्त घाई होते. आर्बर, कोन, स्पेसर, डिस्कचं मधलं भोक आणि हबला (गाडीत डिस्क आणि चाक ज्यावर बसतं तो भाग) टेकणारी बाजू, सगळं पुसून गंज खरवडून घ्यायचं. मध्ये एक बुरीचा कण जरी अडकला तरी डिस्क तिरकी बसते, मग ती डुलत फिरते, टूल एका बाजूला खातं एका बाजूला हवेत राहतं, थरथर सुरू होते आणि थरथरणारी गोष्ट सैल होत जाते. कोन योग्य मापाचाच हवा, जवळपासचा चालवून घ्यायचा नाही. नट कंपनीने सांगितलं तेवढाच आवळायचा, वर पाइप लावून नाही, कारण आर्बर वाकला की पुढची प्रत्येक डिस्क तिरकी कापली जाणार. काही मशीनच्या नटाला उलटे आटे असतात, नवीन माणसाला हे पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर तो सोडतोय समजून आवळत बसतो किंवा आवळतोय समजून सैल करून ठेवतो, आणि दुसरा प्रकार जास्त वाईट. नट आवळल्यावर पाना लगेच आपल्या जागी. आर्बरच्या नटावर विसरलेला पाना मशीन सुरू होताच भिरकावला जातो आणि समोर जो असेल त्याला लागतो.

हे सगळं झालं की टूल मागे घेऊन, प्लग काढून, मशीनचं मॅन्युअल परवानगी देत असेल तर डिस्क हाताने एक पूर्ण फेरा फिरवून बघायची. कुठं घासतेय का, टूलच्या धारकाला लागतेय का, सायलेन्सरच्या पट्ट्याचं टोक लोंबतंय का. तो पट्टा थरथर आणि आवाज मारण्यासाठी डिस्क किंवा ड्रमभोवती बांधतात, तो लावल्याशिवाय कट मारू नये, पण तोच नीट बांधला नसेल तर सुटून चाबकासारखा बसतो. रबर चिरलंय, बकल सैल झालंय असा पट्टा फेकून द्या. मशीन पहिल्यांदा सुरू करताना डिस्कच्या फिरण्याच्या रेषेत उभं राहू नका, बाजूला उभं राहा, आणि जे कोणी बघत उभे असतील त्यांनाही बाजूला घ्या.

बसवणी बरोबर आहे की नाही याची एक जुनी आणि सोपी खात्री आहे. टूल नुसतं टेकवून डिस्कवर एक हलका ओरखडा घ्यायचा. डिस्क थोडी डुलत असेल तर तो ओरखडा पूर्ण गोल येणार नाही, एकाच भागात येईल. मशीन बंद करायचं, नट सैल करून डिस्क आर्बरवर अर्धा फेरा फिरवून परत आवळायची आणि शेजारी दुसरा ओरखडा घ्यायचा. दोन्ही ओरखडे डिस्कच्या एकाच बाजूला आले तर दोष डिस्कमध्येच आहे, कट मारा. समोरासमोर आले तर बसवणी चुकलीय किंवा आर्बर खराब आहे, तेव्हा कट मारायचा नाही. पाच मिनिटांचं काम आहे. यात माणसाचाही जीव सांभाळला जातो आणि गाडीचाही, कारण बऱ्याच कारच्या डिस्कला डुलण्याची परवानगी ०.०५ मिलिमीटरच्या आसपासच असते आणि तिरक्या बसवणीत ती सहज ओलांडली जाते.

विजेचं बघा. साधा खटक्याचा स्विच असलेलं मशीन मला मान्य नाही. कट चालू असताना लाईट गेली, माणसाने विचार केला आता बुर काढून घेऊ, हात ड्रममध्ये, आणि लाईट आली. स्विच चालूच होता. यासाठीच तो स्टार्टर असतो जो लाईट गेली की आपोआप सुटतो आणि परत बटण दाबल्याशिवाय मोटर सुरू होत नाही. हा स्टार्टर जुन्या मशीनला पण बसवता येतो, कोणताही जाणकार इलेक्ट्रिशियन बसवून देईल, आणि ज्या मालकाने एकच सुधारणा करायची ठरवलीय त्याने ही करावी. दुसरं, लाल इमर्जन्सी बटण अशा जागी हवं की फिरत्या डिस्कवरून हात न नेता दाबता येईल, आणि ते रोज सकाळी एकदा दाबून बघायचं, वर्षभर न दाबलेलं बटण ऐन वेळी चालेल की नाही कोण सांगणार. बऱ्याच बेंच लेथमध्ये वेग बदलायला पुलीवरचा पट्टा हलवावा लागतो, तेव्हा नुसतं स्विच बंद करून भागत नाही, प्लग बाहेर काढायचा आणि तो प्लग आपल्या नजरेसमोर ठेवायचा, म्हणजे दुसरा कोणी येऊन लावणार नाही. पट्ट्यावरचं कव्हर काढून कोपऱ्यात ठेवलेलं मशीन दिसलं की मला त्या वर्कशॉपबद्दल बाकी काही विचारावं लागत नाही. अर्थिंगबद्दल वेगळं काय लिहू, लोखंडी मशीन आणि ओली फरशी, ते असायलाच हवं.

कट किती खोल घ्यायचा यावर कारागिरांचे वाद चालतात. दोन पास वाचवायला एकाच पासात जाड थर काढायचा मोह होतो. त्याने टूल तुटतं, तुकडा उडतो, किंवा डिस्क क्लॅम्पमध्ये सरकते. कार्बाइडच्या बिटचं, म्हणजे टूलला लावलेल्या कापणाऱ्या कडक तुकड्याचं, टोक झिजलेलं असेल तर थोडाच कट सुद्धा जड पडतो, म्हणून बिट फिरवून नवी धार पुढं आणायला आळस करू नका, आणि बिटचा स्क्रू, टूलचा हात, सगळं लॉक झालंय हे दरवेळी हाताने तपासा. खूप तापून निळसर पडलेल्या डिस्कवर कडक ठिपके तयार झालेले असतात, लोखंड तिथं इतकं कडक होतं की टूल त्यावरून उडी मारतं. तिथं जोर लावून उपयोग नाही, बाजूला ठेवा. तडा गेलेला ड्रम तर लेथवर चढवायचाच नाही. टांगून हलकं ठोकून बघा, चांगला ड्रम खणखणीत वाजतो, तडा असेल तर आवाज बद्द येतो, आणि शंका आली तरी बस, तो बाद. थरथर सुरू झाली, आवाज बदलला, की आधी बंद करायचं आणि मग कारण शोधायचं, चालू ठेवून शोधायचं नाही.

आणि प्रत्येक डिस्कवर किमान जाडी, प्रत्येक ड्रमवर जास्तीत जास्त व्यास सहसा ओतलेला किंवा ठोकलेला असतो. कट मारायच्या आधी तो वाचायचा, गंज असेल तर घासून वाचायचा. नवी डिस्क २२ मिलिमीटरची आणि किमान २० लिहिलंय, म्हणजे दोन्ही बाजू मिळून एकूण दोनच मिलिमीटर आहेत, त्यात आधी झिजलेलं पण आलं आणि पुढं गाडी चालून झिजणार आहे ते पण आलं. मायक्रोमीटरने एकाच ठिकाणी नाही, गोल फिरून सहा-आठ ठिकाणी मोजा आणि सगळ्यात कमी आकडा धरा. ड्रमच्या बाबतीत एक गोष्ट नेहमी चुकते, ०.२५ मिलिमीटर खोल कट घेतला की व्यास ०.५ ने वाढतो. आपल्या मशीनचा डायल खोली दाखवतो की व्यास हे माहीत नसताना कट मारणं म्हणजे अंदाजाने कोणाच्या तरी कुटुंबाच्या ब्रेकवर काम करणं. पातळ डिस्क उष्णता साठवू शकत नाही, लवकर तापते, तडकते, आणि हे रस्त्यावर होतं, तेव्हा लेथवाला तिथं नसतो.

आता धूळ. हा भाग मला सगळ्यात जास्त छळतो कारण यात रक्त दिसत नाही. ओतीव लोखंडाची लांब कुरळी बुर निघत नाही, ते तुटून बारीक चुरा आणि भुकटी होते, दिवसभर काम केलेल्या माणसाने रुमालाने नाक पुसलं की रुमाल काळा. पण त्याहून वाईट धूळ लायनिंगची, म्हणजे ब्रेक दाबल्यावर डिस्क-ड्रमला घासणाऱ्या थराची. जुन्या ब्रेक शू आणि पॅडमध्ये अॅस्बेस्टॉस असायचा, उष्णता सहन करतो म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था त्याच्या सगळ्या प्रकारांना माणसात कर्करोग करणारं द्रव्य मानते. युरोपियन युनियनमध्ये २००५ पासून तो बंद आहे, अमेरिकेने पांढऱ्या अॅस्बेस्टॉसवर बंदीचा नियम २०२४ मध्ये काढला, म्हणजे इतकी वर्षं माहीत असून तो बाजारात फिरत राहिला. गाडीतून काढलेला शू अॅस्बेस्टॉसचा आहे की नाही हे नुसतं बघून कोणालाही कळत नाही, म्हणून प्रत्येक ब्रेकची धूळ तशीच आहे असं समजून वागायचं. आणि त्याचा आजार आज धूळ घेतली उद्या दिसला असा नसतो, वीस वर्षांनी, चाळीस वर्षांनी दिसतो. तेव्हा ते वर्कशॉप नसतं, मालक नसतो, आणि त्या माणसाला आठवत पण नाही की हे कुठून आलं.

आणि आपण काय करतो, तर ड्रम उघडला की पहिली गोष्ट हवा मारतो. कॉम्प्रेसरच्या हवेने ब्रेकची धूळ उडवणं बंद करा, हे मी हात जोडून सांगतो. ती धूळ उडून जात नाही, ती सगळ्या वर्कशॉपच्या हवेत तरंगत राहते, शेजारी पंक्चर काढणाऱ्याच्या छातीत जाते, ऑफिसात बसलेल्या मुलीच्या छातीत जाते, कपड्यांना चिकटून घरी जाते आणि घरी कपडे धुणाऱ्या बाईच्या, लहान मुलांच्या श्वासात जाते. अमेरिकेतल्या कामगार सुरक्षा नियमांत ब्रेकच्या कामासाठी बंदिस्त पेटी आणि हेपा (अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या) फिल्टरचा व्हॅक्यूम, किंवा कमी दाबाने ओलं करून धुणं, अशा पद्धती दिल्यात, आणि आठवड्याला पाच जोड्यांपर्यंतच काम असेल त्या छोट्या वर्कशॉपला ओल्या फडक्याने पुसण्याची मुभा आहे. ओलं करणं ही काही महागडी गोष्ट नाही. पाण्यात थोडा साबण, हलका फवारा, खाली ट्रे, ओलं फडकं, आणि ते फडकं वाळायच्या आधी पिशवीत बंद. घरगुती व्हॅक्यूम वापरू नका, त्याच्या मागून बारीक धूळ परत बाहेर येते. कोरडा झाडूही नाही. लेथची बुर ब्रशने किंवा चुंबकाने काढायची, मशीन बंद असताना. साध्या कापडी मास्कने ही बारीक धूळ अडत नाही, घट्ट बसणारा योग्य फिल्टरचा मास्क लागतो, आणि जेवण-चहा तिथं नाही, हात-तोंड धुऊन बाहेर.

हवा मारण्याचं दुसरं नुकसान डोळ्यांचं. लेथवर साचलेली बुर हवेने उडवली की ती कुठं जाईल सांगता येत नाही. बाजूने बंद असलेला चष्मा हवा, नंबरचा साधा चष्मा त्यासाठी पुरत नाही, आणि तो मशीन चालवणाऱ्यालाच नाही, शेजारी उभ्या असलेल्याला पण. डोळ्यात लोखंडाचा कण गेला तर चोळायचा नाही, रुमालाच्या टोकाने, काडीपेटीच्या काडीने काढायला जायचं नाही, आपल्याकडे वर्कशॉपमध्ये असा एक "डोळ्यातलं काढणारा" उस्ताद असतोच, त्याला हे काम देऊ नका. लोखंडाचा कण बुबुळावर बसला की थोड्याच वेळात तिथं गंज धरतो, त्याचा डाग उरतो. सरळ डोळ्याच्या डॉक्टरकडे.

ब्रेक क्लीनरचा फवारा फिरत्या किंवा गरम डिस्कवर मारू नका. काही क्लीनर पेट घेणारे असतात आणि मोटरच्या स्विचमध्ये ठिणगी पडतेच, आणि जे पेट घेत नाहीत त्यात क्लोरीनची द्रव्यं असतात, ती वेल्डिंगच्या जवळ किंवा फार तापलेल्या धातूवर गेली तर फॉस्जीनसारखा विषारी वायू होऊ शकतो. डब्यावरचं लेबल वाचा.

जड ड्रमबद्दल थोडंच. ट्रक-बसचा ड्रम एका माणसाने उचलून आर्बरवर घालायचा नाही, होइस्ट वापरा नाहीतर दोघं जण, पायात टोकाला लोखंड असलेले बूट. मशीनचं बेंच जमिनीला बोल्टने धरलेलं हवं, जड ड्रम चढला की न धरलेलं मशीन पुढं कलंडतं.

आता गाडीवरच डिस्क कापणारे लेथ आलेत, हबलाच बसतात, डिस्क काढावी लागत नाही आणि हबचा डुलणेपणा पण त्यातच भरून निघतो. चांगलं तंत्र आहे, पण इथं मशीन आणि गाडी एकमेकांना जोडलेली असतात. गाडी लिफ्टवर किंवा पक्क्या स्टँडवर हवी, नुसत्या जॅकवर कधीच नाही. गिअर न्यूट्रल, इंजिन बंद, चावी काढून घेतलेली, आणि गाडीत कोणी बसलेलं नको. बाकीचे कारागीर त्याच गाडीखाली दुसरं काम करत असतील तर त्यांना बाहेर काढा. लेथ हबला जोडणाऱ्या अडॅप्टरचे नट सगळे लावा, तीनवर भागवू नका.

फिनिशिंगला पॉलिश पेपर मारतात, बारीक आडवे-तिडवे ओरखडे यावेत म्हणून, १२० ते १५० नंबरचा. इथं मी सगळ्यात जास्त बोटं धोक्यात गेलेली बघितलीत, कारण पेपर बोटाला गुंडाळून फिरत्या डिस्कवर धरायची सवय. पेपर सपाट ठोकळ्यावर लावा, दांडीचं फिनिशिंग टूल मिळतं ते वापरा, दोन्ही बाजूंना ठरलेला वेळ द्या. ड्रमच्या आत तर हाताने पेपर धरायचाच नाही, तिथून हात मागे घ्यायला जागा नसते. नंतर डिस्क साबणाच्या पाण्याने धुऊन पुसा, नाहीतर बारीक लोखंडी भुकटी पॅडमध्ये रुतते आणि आवाज येतो.

आता मालकांना. ब्रेक लेथ हे काम सोपं समजून सगळ्यात नवीन पोराला देतात, तो उस्तादाचं बघून शिकतो, आणि उस्ताद चालू मशीनवर बोट टेकवत असेल तर पोरगा तेच शिकणार. शिकवायचं म्हणजे बसवून शिकवायचं, मॅन्युअल समोर ठेवून, त्याने स्वतः बसवणी करून दाखवेपर्यंत, ओरखड्याची खात्री करून दाखवेपर्यंत, लाल बटण डोळे मिटून हाताला सापडेपर्यंत. तोपर्यंत त्याला एकटं मशीनवर सोडायचं नाही. अठरा वर्षांखालचं पोर या मशीनवर उभंच करायचं नाही. आणि दर डिस्कमागे वेळ मोजून घाई करू नका. जो मालक संध्याकाळी "आज किती निघाल्या" एवढंच विचारतो त्याच्याकडे पोरं मशीन थांबवणार नाहीत, थांबवायला वेळ लागतो ना. आणि माणसाने "साहेब मशीन आवाज करतंय, मी बंद केलंय" असं सांगितलं तर त्याच्यावर ओरडू नका, त्याला शाबासकी द्या, त्या एका वाक्यावर पुढं सगळं अवलंबून असतं.

आणि गाडीवाल्यांनो, तुम्ही पण. मशीनच्या बाजूला उभं राहून "अजून किती वेळ" विचारू नका, बाहेर थांबा, चालू मशीनवर काम करणाऱ्याशी बोलू नका. तुम्हाला विचारायचंच असेल तर हे विचारा, कापायच्या आधी जाडी किती होती, कापल्यावर किती राहिली, आणि डिस्कवर किमान किती लिहिलंय. ही तीन मापं कागदावर लिहून मागा. मापं लिहून द्यायची म्हटली की मशीन थांबवून मोजावंच लागतं.

मर्यादेखाली गेलेली डिस्क किंवा ड्रम "बघू, थोडा कट मारून चालवू" म्हणून परत लेथवर जाता कामा नये. आणि बाद झालेला माल भंगारात टाकायच्या आधी त्यावर ग्राइंडरने खोल चीर मारा किंवा हातोड्याने फोडा, फोडताना डोळ्यावर चष्मा ठेवून. भंगारातून निघून पुसून परत गाडीला लागलेले ड्रम मी बघितलेत, आणि ते उतरवून परत लेथवर चढवायची वेळ कोणत्या तरी पोरावर येते ज्याला माहीत नसतं की तो किती पातळ झालाय.

आपला,
ब्रेकच्या कामातला एक जुना मेकॅनिक